एकही नाव न वगळता: ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पुनर्लेखन

१९९२ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 'डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी' नव्याने लिहून काढायचे ठरवले, तेव्हा त्या कोशाची अवस्था अवघड झाली होती. मूळ ६३ खंड १८८५ ते १९०० या काळात निघालेले. पुढे वारलेल्यांसाठी आधी दहा-दहा वर्षांच्या आणि शेवटी पाच-पाच वर्षांच्या पुरवण्या. शेवटच्या पुरवणीपर्यंत मिळून चरित्रांची संख्या ३८,६०७ वर पोचली, पण मूळ खंडांतला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा राहिला होता. न्यूटन किंवा क्रॉमवेल यांची माहिती काढायला जाणाऱ्याच्या हाती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लेखकाने लिहिलेली नोंद येई. मधल्या शतकात केवढी कागदपत्रे उजेडात आली होती, किती जन्मतारखा बदलल्या होत्या, त्यातले तिथे काहीच नव्हते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या पत्रिकेत १९२३ पासून कोशातल्या चुकांच्या दुरुस्त्या छापून येत, आणि १९६६ मध्ये त्या दुरुस्त्यांचाच एक स्वतंत्र खंड निघाला. अभ्यासकाने आधी मूळ खंड पाहायचा, मग पुरवणी, मग शुद्धिपत्र.

कोश बदलायला हवा, यावर कोणाचे दुमत नव्हते. खरा पेच पुढचा होता. आजच्या कसोटीवर न टिकणारी जी हजारो माणसे जुन्या कोशात आहेत, त्यांचे काय करायचे? या प्रकरणात घेतलेला तो निर्णय मला चरित्रकोशांच्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो समजायचा तर आधी जुना कोश कसा घडला ते पाहावे लागते.

पैसा, संपादक आणि एक नियम

कोशाची कल्पना जॉर्ज स्मिथ या प्रकाशकाची. स्मिथ, एल्डर अँड कंपनी ही त्यांची पेढी. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' १८४७ मध्ये याच पेढीने छापली. पेढीचा मोठा व्यवहार मात्र हिंदुस्थानशी होता: इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना लागणारा माल पाठवायचा, त्यांचे आर्थिक व्यवहार पाहायचे. पुढे अपोलिनारिस या जर्मन झऱ्याच्या बाटलीबंद पाण्यानेही स्मिथना भरपूर पैसा मिळवून दिला. त्या कमाईतला मोठा वाटा त्यांनी चरित्रकोशात घातला. कोशात त्यांना सुमारे ७०,००० पौंडांची खोट आली असे सांगतात. सरकारी मदत नाही, विद्यापीठाचा आधार नाही. एका व्यापाऱ्याने आपल्या देशासाठी हे करून ठेवले.

स्मिथ यांच्या मनात आधी साऱ्या जगाचा चरित्रकोश होता. फ्रेंचांनी तसा केला होता. लेस्ली स्टीव्हन यांनी त्यांना आवर घातला: आपल्या देशापुरते करू, तेच पेलले तरी पुष्कळ. स्टीव्हन हे स्मिथ यांच्याच 'कॉर्नहिल मॅगझिन'चे संपादक. १८८२ मध्ये ते मासिक सोडून कोशाच्या कामाला बसले. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली, ती पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून प्रसिद्ध झाली. या मुलीचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

कामाची पद्धत साधी आणि कडक होती. पुढच्या अक्षरांत येणाऱ्या नावांच्या याद्या 'अथीनियम' या साप्ताहिकात छापायच्या, वाचकांनी सुटलेली नावे कळवायची. व्यक्ती हयात नसली पाहिजे. नोंदीच्या शेवटी आधार द्यायचे. आणि स्तुती नको. नोंदलेखकांच्या एका भोजनप्रसंगी कॅनन एंजर यांनी संपादकांचे सगळे धोरण एका वाक्यात सांगितले होते: विनंती आहे, फुले नकोत. त्या देशात अंत्ययात्रेच्या निवेदनात हे वाक्य छापायची रीत होती. गौरवग्रंथ आणि चरित्रकोश यांतला फरक सांगायला आजही याहून चांगले वाक्य मला सापडलेले नाही.

पहिला खंड जानेवारी १८८५ मध्ये आला आणि त्यानंतर दर तिमाहीला एक, असे खंड निघत राहिले. या कामाने स्टीव्हन यांची प्रकृती ढासळली. १८९१ पासून सिडनी ली एकटे संपादक झाले आणि त्यांनी १९०० मध्ये शेवटचा खंड काढला. ६५३ नोंदलेखक, २९,१२० नोंदी. स्टीव्हन यांनी स्वतः ३७८ लिहिल्या, ली यांनी आठशेच्या वर. १९१७ मध्ये स्मिथ यांच्या वारसांनी हा सारा पसारा ऑक्सफर्ड विद्यापीठाला देऊन टाकला.

कोण सुटले, आणि का

जुन्या कोशातल्या उणिवा दाखवताना लोक सहसा नावांची यादी वाचतात. मला कारणे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण प्रत्येक कारण वेगळे आहे.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे आज इंग्रजीतल्या मोठ्या कवींत गणले जाणारे नाव. मूळ कोशात ते नाही. हॉपकिन्स १८८९ मध्ये डब्लिनला वारले, ते एक अप्रसिद्ध जेझुइट पाद्री म्हणून. 'एच' अक्षराचे खंड १८९१ च्या सुमारास छापले जात होते. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले १९१८ मध्ये, तेही मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी काढले म्हणून. संपादकांनी कितीही डोळे उघडे ठेवले असते तरी हे नाव त्यांना दिसणे शक्य नव्हते. पुढच्या पुरवण्यांतही त्यांना जागा नव्हती, कारण १९०१ च्या पहिल्या पुरवणीनंतरची प्रत्येक पुरवणी त्या त्या काळात वारलेल्यांसाठी होती. जो आपल्या काळात सुटला तो कायमचाच सुटला. ही त्रुटी भरायला शेवटी १९९३ मध्ये 'मिसिंग पर्सन्स' नावाचा वेगळा खंड काढावा लागला. त्यात १,०८६ माणसे आली आणि हॉपकिन्स त्यांतले एक होते.

स्त्रियांचे कारण निराळे. मूळ कोशात त्यांचे प्रमाण शंभरात चारच्या आसपास. राज्यकारभार, लष्कर, चर्च, न्यायालय, विद्यापीठ ही मोठेपणाची क्षेत्रे मानली गेली आणि त्या सगळ्यांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. ज्या आल्या त्यांची नोंद सापडणेही कधी कधी कठीण. कादंबरीकार जॉर्ज एलियट म्हणजे मेरियन एव्हान्स. मे १८८० मध्ये त्यांनी जॉन क्रॉस यांच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या वारल्या. कोशाने त्यांना 'क्रॉस' या आडनावाखाली घातले. आठ महिनेही न टिकलेल्या संसाराचे आडनाव, ज्या नावाने जग ओळखते ते नव्हे, की जन्माचे तेही नव्हे. ती नोंद स्टीव्हन यांचीच आहे आणि आस्थेने लिहिलेली आहे, पण तिचे ठिकाण चुकले. मराठी कोशकाराला हा पेच परका नाही. माहेरच्या यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या. अशा बाईच्या पहिल्या अकरा वर्षांकडे नेणारी वाट कोशात वेगळी करून ठेवावी लागते.

आणि तिसरे कारण वर्गाचे. १९३८ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी 'थ्री गिनीज'च्या एका टिपेत खंत नोंदवली की, घरकाम करणाऱ्या मोलकरणींची चरित्रे राष्ट्रीय चरित्रकोशात नाहीत. कोश ज्या घरात घडला, त्याच घरातल्या मुलीने हे लिहिले. वडिलांचे काम तिने जवळून पाहिले होते, म्हणून त्यात कोण नाही हे तिला अचूक दिसले.

कॉलिन मॅथ्यू यांचा निर्णय

नव्या कोशाचे संपादक म्हणून कॉलिन मॅथ्यू यांची निवड झाली. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या रोजनिशीचे संपादन करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. खर्चाचा मोठा भाग प्रेसचा, काही वाटा ब्रिटिश अकादमीमार्फत सरकारचा.

त्यांच्यापुढे मार्ग स्पष्ट होते. जुना कोश तसाच ठेवून पुरवण्या आणि दुरुस्त्या वाढवत न्यायच्या, हा एक. जुने बाजूला ठेवून आजच्या नजरेने नवी यादी करायची, हा दुसरा. दुसऱ्याचे आकर्षण मोठे होते. जुन्या खंडांत आडवळणाच्या गावातले धर्मोपदेशक, विसरले गेलेले प्रवचनकार, एकेक पुस्तिका लिहून गेलेले पंडित यांची गर्दी होती. त्यांना वगळले असते तर खाण कामगारांचे पुढारी, कारखानदार, शास्त्रज्ञ, खेळाडू आणि स्त्रिया यांना ऐसपैस जागा झाली असती, खर्चही वाचला असता.

मॅथ्यू यांनी ठरवले की जुन्या कोशातला एकही माणूस बाहेर जाणार नाही. सगळे राहतील, सगळ्यांच्या नोंदी पुन्हा लिहिल्या किंवा सुधारल्या जातील, आणि नवे लोक त्यांच्या शेजारी येतील.

हा भिडस्तपणा नव्हता. हॉपकिन्स यांचे उदाहरण समोर असताना १९९२ च्या संपादकाने तरी आपली नजर अंतिम कशी मानायची? आज निरर्थक वाटणारा सतराव्या शतकातला प्रवचनकार उद्या एखाद्या अभ्यासकाला छपाईच्या, स्थलांतराच्या किंवा एखाद्या बंडाच्या इतिहासासाठी लागू शकतो. वगळलेले नाव परत शोधायला वाट उरत नाही. शिवाय १८८५ च्या माणसांना कोण मोठे वाटले, हीच मुळात इतिहासाची एक माहिती आहे. यादी विस्कटली की ती माहिती गेली.

आक्षेपही खरे होते. पसारा वाढणार, पैसा वाढणार, आणि शंभरात चार ही जुनी विषमता नव्या बेरजेत मुरून बसणार. मॅथ्यू यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र संशोधन करवले, जुन्या पुरुषांच्या नोंदींत दडलेल्या बायका-बहिणींना स्वतःच्या नोंदी दिल्या, तरी नव्या कोशात स्त्रियांचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपासच राहिले. जुने सगळे ठेवल्याची ही किंमत आहे आणि ती लहान नाही. तरीही मला ती योग्य वाटते. जुनी नावे उडवून टक्केवारी सुधारता आली असती, पण त्या समाजाने स्त्रियांना किती कमी वाव दिला होता हे त्याबरोबर झाकले गेले असते.

दुसरा मोठा निर्णय कामाच्या क्रमाचा. जुना कोश वर्णानुक्रमाने लिहिला आणि तसाच छापला गेला. या पद्धतीत पहिले अक्षर शेवटचे अक्षर निघेपर्यंत शिळे होते. मराठी वाचकाला हे विश्वकोशावरून माहीत आहे: पहिला खंड १९७६ चा, आणि शेवटच्या अक्षरांपर्यंत पोचायला २०१५ उजाडले. मॅथ्यू यांनी क्रम मोडला. काम कालखंड आणि क्षेत्र यांनुसार वाटले: मध्ययुग, अठरावे शतक, उद्योग आणि कामगार चळवळ, कला, विज्ञान. एकाच क्षेत्रातली माणसे एकाच संपादकासमोर एकत्र आल्यामुळे कोणाला किती शब्द द्यायचे याची तुलना करता आली. वर्णानुक्रम शेवटी संगणकाने लावला आणि सगळे खंड एकाच दिवशी काढायचे ठरले.

नोंदीचा साचाही बदलला. मजकुराखाली आधार, कागदपत्रे कुठल्या संग्रहात आहेत, चित्रे आणि छायाचित्रे कुठे आहेत, आणि मृत्यूसमयी मालमत्ता किती होती, अशा जागा आखल्या. मालमत्तेचा आकडा मृत्युपत्राच्या सरकारी नोंदीतून घेतात. तो एक आकडा कधी कधी पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो. गरिबीत गेलेल्या संशोधकाचा आणि गब्बर होऊन गेलेल्या मध्यम कवीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र नोंदीखालच्या सहीची. जिथे जुनी नोंद पुरती बदलली नाही, नुसती सुधारली, तिथे दोन नावे आहेत: आधी मूळ लेखकाचे, पुढे सुधारणाऱ्याचे. शंभर वर्षांपूर्वी वारलेला नोंदलेखक आणि आजचा संशोधक एकाच मजकुराखाली सही करतात. श्रेयाचा इतका स्वच्छ हिशेब कोशांत क्वचित दिसतो.

मॅथ्यू यांना काम पुरे झालेले पाहता आले नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांना अचानक मृत्यू आला. तोवर नियम इतके पक्के झाले होते की ब्रायन हॅरिसन यांनी २००० च्या आरंभी सूत्रे घेतली आणि वेळापत्रक मोडू दिले नाही. २३ सप्टेंबर २००४ रोजी 'ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी'चे ६० खंड प्रसिद्ध झाले आणि त्याच वेळी संगणकावरची आवृत्तीही खुली झाली. ५४,९२२ चरित्रे. त्यांतली १६,३१५ संपूर्ण नवी. नोंदलेखक दहा हजारांच्या घरात, खर्च सुमारे अडीच कोटी पौंड, संचाची किंमत ७,५०० पौंड. इतकी किंमत घरगुती वाचकाच्या आवाक्याबाहेरच. पण ब्रिटनमधल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांच्या सभासदाला आपल्या कार्डाच्या क्रमांकावर घरबसल्या कोश वाचता येतो, आणि माझ्या मते प्रकाशनातली ही सर्वांत मोठी सुधारणा होय.

राष्ट्राची हद्द

नाव 'राष्ट्रीय' असले तरी नव्या कोशाने राष्ट्र सैल हाताने आखले. ब्रिटनमध्ये जन्म ही अट नाही. त्या देशाच्या आयुष्याशी जोडले गेलेले कोणीही चालते. म्हणून कार्ल मार्क्स आहेत, जॉर्ज वॉशिंग्टन आहेत, गांधीजी आहेत. कॉर्नेलिया सोराबजी आहेत: १८६६ मध्ये नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर, पुढे ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात कायद्याचा अभ्यास, १९५४ मध्ये लंडनला मृत्यू. आणि हॅना कलविक आहेत, जन्मभर मोलकरणीचे काम करत रोजनिशी लिहिणाऱ्या. वुल्फ यांची खंत पुरी मिटली असे नाही, पण त्या टिपेला मिळालेले हे एक उत्तर आहे.

हद्दीचा आणखी एक प्रश्न काळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. जी माणसे खरोखर होऊन गेली की नाही हे ठरवता येत नाही, त्यांचे काय? रॉबिन हूड जुन्या कोशात होता. नव्यातही आहे, राजा आर्थरही आहे. नोंदीत दंतकथेचा प्रवास सांगितला आहे आणि पुरावा कुठे संपतो तेही.

याच प्रश्नाला मराठीत वेगळे उत्तर मिळाले आणि ते मला अधिक नेटके वाटते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी पुण्यात तीन कोश केले: 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' १९३२ मध्ये, 'मध्ययुगीन' १९३७ मध्ये, 'अर्वाचीन' १९४६ मध्ये. श्रुती, स्मृती, पुराणे यांतल्या व्यक्ती पहिल्या कोशात. दुसरा सुरू होतो इ. स. पूर्व ३२१ पासून, म्हणजे चंद्रगुप्त मौर्यापासून, आणि थांबतो १८१८ ला, पेशवाईच्या अखेरीस. तिथून १९४५ पर्यंत तिसरा. पुराणातला राजा आणि ताम्रपटातला राजा एकाच पानावर शेजारी आलेच नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला त्याच्या प्रकारचा पुरावा लावता आला. प्राचीन कोशात एका नावाच्या अनेक व्यक्ती, त्यांचे वंश, कोणता उल्लेख कोणत्या ग्रंथात, हे वेगळे करण्याचे काम किती चिकाटीचे असेल याचा अंदाज वसिष्ठ किंवा जनक असे एखादे नाव काढून पाहिले की येतो. मराठीत ही वाट त्याआधीची आहे. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' १८७६ चा, म्हणजे स्टीव्हन यांच्या पहिल्या खंडाच्या नऊ वर्षे आधीचा.

स्टीव्हन आणि चित्राव दोघांनीही प्रचंड भार उचलला. दोन्ही कोशांचे नशीब मात्र निराळे. ब्रिटिश कोशाला १९१७ नंतर एक संस्था मिळाली. ती दर वर्षी नवी नावे घेते. माणूस वारल्यावर साधारण चार वर्षांनी त्याची नोंद येते, तेवढ्या अवधीत मृत्युलेखांचा धुरळा खाली बसतो. एकूण चरित्रे आता साठ हजारांच्या पुढे गेली आहेत. आणि ज्यांची नोंद पूर्ण बदलली, त्यांचीही व्हिक्टोरियन नोंद संगणकावरच्या आवृत्तीत जपून ठेवली आहे. जॉर्ज एलियट आता 'एव्हान्स, मेरियन' या नावाखाली आहेत. तिथून स्टीव्हन यांनी 'क्रॉस'खाली लिहिलेला मजकूर उघडून वाचता येतो.

चित्राव यांचा अर्वाचीन कोश १९४५ ला थांबला आहे. तो कोश सुधारून पुढे नेण्याचे काम कधी कोणी हाती घेतले, तर पहिल्या बैठकीत जुन्या नावांचा प्रश्न निघेलच. संस्थानिक, कीर्तनकार, वैद्य, किरकोळ ग्रंथकार, आज कोणाला आठवत नसलेले शिक्षक: यांना ठेवायचे का? माझे मत ठेवायचे असेच आहे. चित्राव यांचा शब्द जिथे टिकतो तिथे तो तसाच राहावा, सुधारणाऱ्याने खाली त्यांच्या नावापुढे आपले नाव लिहावे, आणि त्यांच्या यादीत नसलेल्या शाहिरांना, गिरणीतल्या कामगार पुढाऱ्यांना, सुइणींना, तमाशातल्या कलावंतिणींना त्यांच्या शेजारी बसवावे, आधारांसह.